बिराजदार सरांचा कल्लप्पा

बिराजदार सरांना मुलं 'समजा सर' म्हणायची. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडात हा शब्द असणारच. पण सरांचा 'समजा' फळ्यापुरता नव्हता. स्टाफरूममधला पंखा लावला की ते वर बघत आणि म्हणत, "समजा, हा निसटला तर?" मग खुर्ची भिंतीकडे ओढून बसत. शिपाई चहा घेऊन आला की किटली टेबलाच्या कडेपासून आत सरकवत. परीक्षेच्या दिवसांत सुपरव्हिजनला जाताना दोन घड्याळं घालत, एक मनगटावर आणि एक खिशात. एक बंद पडलं तर दुसरं. दोन्ही बंद पडली तर काय, हे मी एकदा गमतीनं विचारलं. त्यांनी ते गमतीवारी घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "मॅडम, त्या वर्गातल्या दोन पोरींकडं घड्याळ असतंय. बघून ठेवलंय मी."

मी त्याच ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवायचे. आमची टेबलं शेजारी होती. सर उंच, काटकुळे. कपाळावर विभूतीची पुसट बोटं, शर्टाच्या खिशात डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. गाव मैंदर्गीच्या अलीकडे. घरात कन्नड, शाळेत मराठी, आणि फारच घाबरले की दोन्हींच्या मधलं "अय्यो" एवढंच.

एकदा स्टाफची सहल हिप्परग्याच्या तळ्यावर गेली. सर खांद्याला नायलॉनचा जाडजूड दोर अडकवून आले. कुणी पाण्यात पडलं तर, म्हणून. दिवसभर कुणी पडलं नाही. सर मात्र दोर हातात धरून काठावर उभे, जेवलेसुद्धा उभ्यानंच. परत निघताना भाड्याच्या गाडीचं मागचं दार लागेना, तेव्हा ड्रायव्हरनं तोच दोर मागून घेतला आणि दार बांधलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सर खूश होतील. ते सोलापूर येईपर्यंत त्या दाराकडंच बघत बसले. उतरताना म्हणाले, "दार उघडं पडेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं बघा. अजून काय काय ध्यानात आलं नसेल?"

आम्ही हसायचो. काळजी हा त्यांचा स्वभाव आहे आणि त्या काळजीला तसं काही कारण नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मग रश्मी बंगळूरहून परत आली आणि काळजीला कारण मिळालं.

रश्मी त्यांची एकुलती एक मुलगी. कॉम्प्युटरची डिग्री घेऊन बंगळूरला नोकरीला लागली होती. तिथं नेमकं काय झालं ते सरांनाही नीट कळलं नव्हतं. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीचा फोन आला की रश्मी ऑफिसला जात नाही, जेवत नाही, बोलत नाही. सर आणि वहिनी जाऊन तिला घेऊन आले. इथल्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली, आणि सरांना बाजूला घेऊन सांगितलं की काही दिवस मुलीला एकटं सोडू नका. त्या दिवशी घरी गेल्या गेल्या सरांनी पेचकस घेऊन तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढली.

हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसायचं की प्रत्येक तास संपला की सर व्हरांड्यात जातात, घरी वहिनींना फोन लावतात आणि एकच प्रश्न विचारतात: "शैला, आवाज येतोय का?"

कसला आवाज, ते कुणालाच माहीत नव्हतं. एकदा मीच विचारलं. सर खुर्चीत बसले, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पोरगी दिवसभर मोबाइलवरचा तो गेम खेळते. त्याचं म्युझिक असतंय. ते बाहेर ऐकू येत असलं की बरं असतंय."

तो गेम म्हणजे प्राण्यांच्या झुंजीचा. प्राणी खरे नव्हेत. कुणाला दगडाची शिंगं, कुणाला बर्फाचे पंख. आपण आपले प्राणी निवडायचे, त्यांना तयार करायचं आणि इंटरनेटवरून जगातल्या कुणाशीही लढवायचं. प्रत्येक प्राण्याला जीव, ताकद, चपळाई असे गुण ठराविक प्रमाणात वाटता येतात. एका गुणात जास्त घातलं की दुसऱ्यात कमी पडतं. रश्मी घरी आल्यापासून कुणाशी बोलत नव्हती, पण हे खेळत होती.

सरांनी तो गेम शिकायचं ठरवलं. मुलीशी बोलायला दुसरा विषयच उरला नव्हता. "जेवलीस का" विचारलं तर ती भिंतीकडं तोंड करायची. "बरं वाटतंय का" विचारलं तर डोळे मिटायची. एक दिवस ते तिच्या दारात उभे राहून म्हणाले, "अव्वा, तो शिंगवाला असा नुसता का उभा आहे? मारत का नाही?" कन्नडमध्ये अव्वा म्हणजे आई, सर मुलीलाही लाडानं तेच म्हणत. रश्मीनं मान वर केली नाही. पण बोलली. "तो माती उकरतोय, बाबा. आधी उकरायची. मग मारायचं."

कित्येक आठवड्यांनंतरचं ते पहिलं सरळ वाक्य होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरांनी ते मला जसंच्या तसं ऐकवलं. डब्यातली भाकरी हातातच राहिली होती. "आधी उकरायची, मग मारायचं. बघा मॅडम. गावाकडं आमच्या आप्पांचा, वडिलांचा, बैल होता, कल्लप्पा. तो अगदी असंच करायचा. खूर घासायचा, माती उडवायचा, आणि मग यायचा तो असा यायचा की..." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसत बसले.

त्यानंतर आमच्या मधल्या सुट्ट्या कल्लप्पाच्या झाल्या. सरांनी मोबाइलवर तो गेम घेतला, तो शिंगवाला प्राणी मिळवला आणि त्याला बैलाचं नाव दिलं. त्याला कसा तयार करायचा, याची खलबतं माझ्यापुढं चालत. भूगोलाच्या बाईला यातलं काय कळणार, असं मी म्हणायचे. पण सरांना कळणारं नव्हे, ऐकणारं माणूस हवं होतं. ऐकून ऐकून मला थोडंफार समजायला लागलं.

कल्लप्पाची गोष्ट अशी होती. तो एरवी मध्यम ताकदीचा आणि जरा मंद. पण एक पाळी त्यानं माती उकरण्यात घालवली की त्याची ताकद आणि चपळाई दोन्ही वाढतात, आणि मग तो समोरच्यांना एकापाठोपाठ एक लोळवत जातो. अडचण त्या एका पाळीची. तेवढ्यात तो कुणाला मारत नाही, पण बाकीचे त्याला मारू शकतात. तेवढ्यात मेला तर सगळंच गेलं.

ती एक पाळी हे सरांच्या दृष्टीनं भयंकर प्रकरण होतं.

"समजा, बर्फाचा पक्षी समोर आला तर? सगळ्यात चपळ तोच. समजा, त्यानं पहिलाच घाव घातला तर? म्हणून मी काय केलं, चपळाई फक्त एवढीच ठेवली की एकदा उकरलं की त्या पक्ष्याच्या जरासं पुढं जाईल. त्याहून जास्त कशाला? उरलेलं सगळं जिवात घातलं. वर एक फळ दिलंय त्याला. लई मार बसला की ते आपोआप खाल्लं जातं, थोडा जीव भरून येतो." मग लगेच कपाळाला आठी. "पण समजा, वाढलेली ताकद पुसून टाकणारा कुणी आला तर? असतात म्हणे तसलेपण."

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती एका रविवारी सकाळी. घर जुळे सोलापुरात, दुसऱ्या मजल्यावर. वहिनी शेंगांची चटणी कुटत होत्या, ती बांधून देते म्हणाल्या. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. सर रश्मीच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर मोबाइल घेऊन बसलेले, आणि आत ती. दार अर्धवट लोटलेलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पावलं दिसत होती. दोघं एकमेकांविरुद्ध सराव करत होती. घरात ही माणसं कन्नड बोलत, पण गेमचं भांडण मात्र मराठीत चाललेलं.

"बाबा, तुमचा कल्लप्पा भित्रा आहे."

"भित्रा कसा? टिकतोय की."

"नुसता टिकतोय. सगळं जिवात घालून ठेवलंय तुम्ही. मारणार कधी तो?"

"अगं, आधी जगला तर मारेल ना."

"एवढा जगून करणार काय पण?"

स्वयंपाकघरात वहिनींचा खलबत्ता थांबला. मग आतून तीच म्हणाली, जरा खालच्या आवाजात, "तसं नाही म्हणाले मी. खेळा की. तुमची पाळी आहे."

वहिनींनी मला चटणी दिली तेव्हा डबीचं झाकण त्यांच्या हातून नीट लागेना.

पूर्वपरीक्षा चालू होती तेव्हाची एक दुपार मी विसरणार नाही. मला आणि सरांना लागून असलेल्या दोन वर्गांवर सुपरव्हिजन होतं. पेपर अर्धा झाला असेल. मला व्हरांड्यातून सर पळत येताना दिसले. त्यांना मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. फोन कानाला तसाच होता. "शैला म्हणते आवाज येईना. आत जाऊन बघितलं तर रश्मी खोलीत नाही. घरात नाही. गच्चीवर पण बघितलं."

दुसऱ्या शिक्षकांना वर्ग सोपवून आम्ही निघालो. त्या अवस्थेत त्यांना स्कूटर चालवता येणार नव्हती. मी चालवली, ते मागं बसले. कुठं जायचं, विचारलं तर म्हणाले, "तलावावर. सिद्धेश्वराच्या." का, ते मी विचारलं नाही. वाटेत ते एकदाच बोलले. "मॅडम, समजा..." माझ्या खांद्यामागं त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. उन्हानं डांबर चकाकत होतं. सिग्नलला मी थांबले तर ते उतरून चालायलाच लागले. मी ओरडून त्यांना परत बसवलं.

तलावाच्या काठानं आम्ही फिरलो. देवळाकडून आलेल्या एका बाईला त्यांनी विचारलं, "ताई, एक मुलगी बघितली का हो, चष्मा आहे, केस कापलेले?" त्या नाही म्हणाल्या. फुलवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लई पोरी येत्यात की सर, कुठली सांगू?" सर कठड्याला धरून पाण्याकडं बघत राहिले. मी त्यांच्या दंडाला हात लावला तर शर्ट घामानं चिकटला होता.

तेव्हा वहिनींचा फोन आला. रश्मी घरी आली होती.

चार्जरची वायर तुटली होती. फोन बंद पडला आणि त्याबरोबर गेमही. वहिनी मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या तेवढ्यात ती पायांत चपला सरकवून, रिक्षा करून नवी पेठेत गेली होती, नवीन चार्जर आणायला. फोन न्यायचं तिच्या डोक्यातच आलं नाही, कारण तो बंदच होता. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच घराबाहेर पडली होती, आणि एकटी.

मी सरांना घरी सोडायला गेले. मला वाटत होतं, आता हे एक तर ओरडतील किंवा रडतील. वर गेलो तर रश्मी बाहेरच्या खोलीत पंख्याखाली उभी होती. मी तिला धड तेव्हाच पाहिलं. बारकी, बापासारखीच उंच, उन्हानं तोंड लाल झालेलं. हातात प्लास्टिकची छोटी पिशवी. बापाचा अवतार बघून तिला सगळं समजलं असावं. ती पिशवीकडं बघत राहिली.

सरांनी चपला काढल्या. पाणी प्यायले. मग म्हणाले, "मिळाली का बरोबर पिन?"

"मिळाली."

"लावून बघ. समजा चुकीची दिली असली तर बदलून आणू."

ती आत गेली. थोड्या वेळानं म्युझिक सुरू झालं. सर सोफ्यावर बसले आणि मगच त्यांचे खांदे हलायला लागले. मी निघून आले.

उन्हाळ्यात रश्मीनं स्वतःच सांगितलं की विजापूर रोडवरच्या एका छोट्या हॉलमध्ये काही कॉलेजची पोरं या गेमची जोडीची स्पर्धा घेत आहेत. जोडी म्हणजे दोघं खेळाडू एका बाजूला, प्रत्येकाचा एकेक प्राणी एकाच वेळी मैदानात. "जायचं का?" एवढंच ती म्हणाली. सर त्याच दिवशी नाव देऊन आले.

जोडीत कल्लप्पाच्या त्या एका पाळीवर उपाय होता, आणि तो रश्मीकडं होता. तिचा प्राणी म्हणजे कंदील घेतलेला बेडूक. त्यानं कंदील वर धरला की समोरचे दोघंही त्यालाच मारत सुटायचे. तेवढ्यात कल्लप्पानं निवांत माती उकरायची. कागदावर सगळं चोख. पण सरावात सरांचं काहीतरी बिनसायचं. उकरायची पाळी आली की ते ती चाल करायचेच नाहीत. भलताच घाव घालायचे, नाही तर कल्लप्पाला बेडकाच्या पुढं उभा करायचे.

त्यांनीच मला पुढचं सांगितलं. रश्मी शेवटी वैतागली. "बाबा, उकरा ना. तुमचं लक्ष कुठं असतं?"

"अगं, तुझा बेडूक मरतोय."

"मरू दे ना. त्याचा उपयोग तेवढाच आहे."

सर उठले, बाथरूममध्ये गेले आणि नळ मोठा सोडून तिथंच उभे राहिले. पुढं दोन-तीन दिवस त्यांनी गेम उघडला नाही. स्टाफरूममध्ये पेपर तपासताना लाल पेन कागदावर टेकवून नुसते बसलेले असायचे. मी म्हटलं, "सर, ती बेडकाबद्दल बोलत होती." ते म्हणाले, "व्हय. ते कळतंय मला." आणि पेनाचं टोपण घालून परत काढलं.

मग एका सकाळी आले ते वेगळेच. प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत मला गाठलं. "मॅडम, मी सगळं उलटं धरलं होतं. आपण कल्लप्पाला वाचवत बसलो. आता बेडूक वाचला पाहिजे. बेडूक न मरता कल्लप्पा उभा राहतो का, ते बघायचं."

त्यांनी बेडकाचं गणित मांडलं. समोरच्या दोघांचे घाव एकदम बसले तरी बेडूक जेमतेम जिवंत राहील, एवढं बळ त्याच्यात कसं घालायचं, याचं. सगळं वाटून झालं तरी थोडं कमीच पडत होतं. ते भरून काढायला कल्लप्पाचं फळ लागणार होतं. जोडीत तसं फळ एकाच प्राण्याला देता येतं, असा नियम. सरांनी ते कल्लप्पाकडून काढलं आणि बेडकाला द्यायला सांगितलं. कल्लप्पाच्या जिवातलंही काढलं आणि चपळाईत, ताकदीत घातलं. इतके दिवस जपून जपून बांधलेला तो प्राणी आता असा झाला की एक घाव नीट बसला तर संपलाच.

"रश्मी काय म्हणाली?" मी विचारलं.

"सगळं दोनदा बघितलं तिनं. मग म्हणाली, बाबा, मग तुमचा मरेल की." सरांनी दप्तर उचललं. "मी म्हटलं, बघू."

स्पर्धेच्या दिवशी वहिनींनी मला फोन करून बोलावून घेतलं. त्यांना स्वतःला बघवणार नाही म्हणाल्या. मी हॉलवर पोचले तर बाप-लेक बाहेर रिक्षातच बसून होते. मीटर चालू. रश्मी मांडीवर दोन्ही हात घट्ट धरून बसलेली. आत पोरांचा कल्लोळ चालला होता. सर म्हणाले, "परत जाऊ या का? जाऊ की. काय बिघडलं?" आणि खरंच त्यांनी रिक्षावाल्याला वळवायची खूण केली. रश्मीनं एकदा आत बघितलं, एकदा बापाकडं. मग उतरली.

दारात नावं तपासणाऱ्या मुलानं सरांना हात दाखवला. "काका, पालक तिकडं बसा, खुर्च्यांवर."

"मी खेळायला आलोय," सर म्हणाले.

त्या मुलानं रश्मीकडं बघितलं. "हो," ती म्हणाली. "माझे पार्टनर आहेत."

पहिल्या सामन्यात समोर दोन कॉलेजची पोरं होती आणि त्यांच्याकडं नेमका तो बर्फाचा पक्षी. मी सरांच्या मागं उभी होते. मोठ्या पडद्यावर चारही प्राणी दिसत होते. रश्मीनं आपली चाल दाबली. सरांचा अंगठा 'माती उकरा' या चौकोनावर अधांतरी. कोपऱ्यात वेळ सरकत होती. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसत होता.

"बाबा, दाबा."

"दाबतो."

"बाबा, मी बघितलंय सगळं. तो जगतोय. दाबा."

त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं.

पक्ष्याचा घाव बेडकावर पडला. दुसऱ्याचाही पडला. बेडकाच्या जिवाची पट्टी घसरत घसरत लाल झाली, सुताएवढी राहिली. मग त्यानं फळ खाल्लं आणि पट्टी जराशी वर आली. सरांनी डोळे उघडून आधी तेच बघितलं. मैदानात कल्लप्पा खूर घासत होता, पण त्याच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. "आहे," ते पुटपुटले. "आहे, आहे."

तो सामना ते जिंकले. पुढचाही जिंकले. त्याच्या पुढच्या सामन्यात समोर शाळेतल्या दोन बहिणी होत्या, वेण्या घातलेल्या. त्यांच्या छोट्याशा चिमणीकडं अशी चाल होती की ती कुणाच्याही आधी टोच मारते, आणि बेडकाच्या कंदिलाला भुलत नाही. कल्लप्पानं माती उकरली, पुढच्या पाळीला धावायला निघाला, आणि चिमणीनं त्याला एकाच टोचीत आडवा केला. फळ असतं तर वाचला असता. सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला. रश्मी एकट्या बेडकावर बराच वेळ झुंजत राहिली. ओठ चावत, खुर्चीच्या कडेवर येऊन. हरली तेव्हा टेबलावर हात आपटून "शी!" म्हणाली. हॉलभर ऐकू गेलं. सर तिच्याकडं असे बघत होते की मीच नजर दुसरीकडं वळवली. हरल्याचा राग तिला येत होता. कुणी काही म्हणायच्या आत ती त्या दोन बहिणींकडं गेली आणि चिमणीला कसं तयार केलं ते विचारत बसली.

सगळं सुरळीत झालं असं नव्हे. औषधं चालूच होती. मधे पावसाळ्यात काही दिवस ती पुन्हा खोलीतच राहिली आणि सर तासही बुडवायला लागले. पण दिवाळीनंतर ती एका वकिलांच्या ऑफिसात अर्धा दिवस कॉम्प्युटरचं काम करायला जाऊ लागली. कडी मात्र सरांनी परत बसवली नव्हती. एक दिवस तिनंच पेचकस आणून बसवली. सरांनी ते मला सांगितलं तेव्हा त्यांना त्याचा आनंद झाला होता की धसका बसला होता, ते त्यांच्या तोंडावरून समजत नव्हतं. "आतून लावत नाही हं ती," ते म्हणाले. "मी बघतो रोज."

मग संस्थेनं सरांची बदली माळशिरसच्या शाखेत केली. त्यांनी अर्ज केले, संस्थेच्या लोकांना भेटले, काही झालं नाही. रश्मीला इथलं काम आणि इथले डॉक्टर सोडता येत नव्हते. वहिनी तिच्यापाशी राहणार. सर आठवडाभर तिकडं खोली करून राहणार आणि शनिवारी येणार. निरोपाच्या समारंभात त्यांना बोलायला उभं केलं तर ते एवढंच म्हणाले की जिन्याजवळच्या वायरिंगकडं कुणीतरी बघा, आणि बसले.

त्यानंतर मला ते एकदाच दिसले. मी मोहोळला माहेरी निघाले होते. सोमवारी सकाळी एस.टी. स्टँडवर गर्दी होती. माळशिरसची गाडी लागलेली, आणि खिडकीत सर. मांडीवर डब्याची पिशवी, दोन्ही हातांत मोबाइल, तोंड काळजीनं आक्रसलेलं. मी खिडकीखाली जाऊन हाक मारली. त्यांनी ऐकली, मान हलवली, पण नजर काढली नाही. "एक मिनिट मॅडम. रश्मी आहे. माझ्याविरुद्ध खेळतेय."

मी थांबले. त्यांचा अंगठा वर राहिला, खाली गेला, परत वर आला. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी मागं यायला लागली. आणि एकदम सर मान मागं टाकून मोठ्यानं हसले. तोंड उघडं टाकून, डोळे मिटून. पुढच्या बाकावरच्या दोन बायका वळून बघायला लागल्या, शेजारचा म्हातारा जरा सरकून बसला.

कोण जिंकलं ते मला कळलं नाही. गाडी वळली तेव्हा त्यांनी फोन खिशात ठेवलेला दिसला. फाटकाशी पोचेपर्यंत तो पुन्हा बाहेर काढून त्यांनी कानाला लावला होता.